उकळत्या पाण्यातला की गार पाण्यात मुरवलेला? फळांच्या आइस टीच्या दोन वाटा

उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे ठेवलेल्या पेल्यात लालसर काहीतरी असतं, वर लिंबाची चकती तरंगत असते आणि सगळे त्याला 'आइस टी' म्हणून मोकळे होतात. त्या पेल्यापर्यंत पोचायच्या वाटा मात्र दोन आहेत. एकीत चहा उकळत्या पाण्यात काढतात आणि मग गार करतात. दुसरीत पत्तीला गरम पाण्याचं दर्शनही घडत नाही. गार पाण्यात पत्ती टाकायची, बरणी फ्रिजमध्ये ठेवायची आणि झोपायला जायचं. हा 'कोल्ड ब्रू'.

दोन्हींची मापं वेगळी, वेळ वेगळी, चव वेगळी. घोटाळा होतो तो एकीची वेळ दुसरीला लावल्यामुळे. मीही तेच केलं होतं. उकळत्या पाण्यात पत्ती घातली आणि 'रात्रभर मुरू द्या' हे कुठेतरी वाचलेलं डोक्यात होतं, म्हणून पातेलं पत्तीसकट फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी जे निघालं ते सर्दीवरच्या काढ्याच्या सख्ख्या नात्यातलं होतं. त्यात आंब्याचा रस घालून पाहिला, तर आंबाही वाया गेला. उलटी चूक करणारेही बरेच असतात: टी-बॅग गार पाण्यात पाच मिनिटं बुचकळायची आणि 'ह्याला काही चवच नाही' म्हणून दोष कंपनीला द्यायचा.

मुळात फरक आहे तो पाणी पत्तीतून काय काय उचलतं ह्याचा. उकळतं पाणी घाईचं असतं. रंग, कॅफिन, तुरटपणा आणणारी द्रव्यं, सगळं तीन-चार मिनिटांत ओढून घेतं. गार पाणी निवडक. थिअनिन नावाचं अमिनो आम्ल पाण्यात सहज विरघळतं. चहाची मऊ, किंचित गोडसर चव बरीचशी त्याची. ते गार पाण्यातही उतरतं. कॅफिन आणि तुरट कॅटेचिनं मात्र मागे रेंगाळतात. म्हणून कोल्ड ब्रूमध्ये जीभ आवळत नाही आणि साखरही कमी लागते. जपानात सेंचासारखा हिरवा चहा असाच गार पाण्यात काढतात; तिथे त्याला 'मिझुदाशी' म्हणतात. पण कॅफिन रेंगाळतं म्हणजे उतरतच नाही असं नव्हे. आठ-दहा तासांत बरंच येतं, तेव्हा रात्री जेवणानंतर मुलांना मोठा पेला देताना विचार करावा.

आता गरम वाट. इथे एक हिशेब कळला की अर्धं काम झालं. अर्धा लिटर उकळता चहा फक्त बर्फ घालून पिण्याजोगा थंड करायचा, तर जवळजवळ तेवढ्याच वजनाचा, म्हणजे अर्धा किलो बर्फ वितळून जातो. त्याचं पाणी चहातच मिसळणार. म्हणून हा चहा सुरुवातीलाच दुप्पट कडक काढायचा. अर्धा लिटर उकळत्या पाण्याला साधारण १० ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे पानांचा चहा, झाकण ठेवून चार मिनिटं. एक लिटर आइस टीचा हा अर्क. घरात असते ती दाणेदार पावडर, म्हणजे सीटीसी, वापरणार असाल तर पत्ती थोडी कमी आणि वेळ अडीच-तीन मिनिटं. सीटीसी ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात निघाली. पानं रुळांतून चिरडून त्यांचे दाणे करायचे, म्हणजे कमी पत्तीत भरपूर रंग येतो. दूध-साखरेच्या आपल्या चहाला हे वरदानच, पण दूध नसलेल्या पेल्यात तोच कडकपणा अंगावर येतो. आणि पातेलं गॅसवर ठेवून आपल्या सवयीप्रमाणे 'खळखळून उकळी' आणायची नाही. गॅस बंद करूनच पत्ती टाकायची. गाळताना चमच्याने पत्ती दाबून शेवटचा थेंब काढायचा मोहही आवरायचा, कारण त्या शेवटच्या थेंबात तुरटपणाच जास्त असतो.

ह्या वाटेवर एक प्रश्न हमखास येतो. गाळला तेव्हा काचेसारखा दिसणारा चहा फ्रिजमधून काढला की गढूळ का होतो? खराब झालेला नसतो. कॅफिन आणि चहातली तुरट द्रव्यं गरम पाण्यात सुटी असतात, गार होताना एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण तरंगू लागतात. चहाच्या धंद्यात ह्याला 'क्रीमिंग' म्हणतात आणि गरम चहा उत्तम असल्याची ती खूण मानतात. आसामच्या कडक चहात हे जास्त दिसतं. दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला चहा त्या मानाने स्वच्छ राहतो, म्हणून आइस टीसाठी त्याचं नाव घेतलं जातं. गढूळपणा डोळ्यांना खुपलाच तर थोडं उकळतं पाणी घालून ढवळा, बराचसा निवळतो. चवीत तसा फरक पडत नाही. मी आता ढवळायचीही तसदी घेत नाही.

गरम वाटेच्या जन्माची एक गोष्ट फार सांगितली जाते आणि तिचा आपल्याशी संबंध आहे. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला जागतिक मेळा भरला होता. भारतीय चहाचा प्रचार करायला गेलेल्या रिचर्ड ब्लेचिंडन ह्यांच्या गरम चहाकडे त्या उन्हाळ्यात कोणी फिरकेना, म्हणून त्यांनी तो बर्फावर ओतून दिला आणि आइस टी जन्मला. गोष्ट छान आहे, पण जन्माचा दाखला चुकीचा. १८७९ साली छापलेल्या, व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या एका पुस्तकात बर्फ, साखर आणि लिंबू घातलेल्या चहाची कृती आहे, आणि तीही हिरव्या चहाची. ब्लेचिंडन ह्यांच्याकडे फार तर प्रसिद्धीचं श्रेय जातं.

गार वाटेला कष्ट नाहीत, धीर लागतो. एक लिटर पाण्याला आठ-दहा ग्रॅम पानांचा चहा, झाकणाची काचेची बरणी आणि फ्रिजमध्ये आठ तास. हिरव्या चहाला पाच-सहा पुरतात. सीटीसी पावडर तीन तासांतच रंग सोडते, त्यापुढे ठेवलीत तर गाळ आणि कडवटपणा दोन्ही वाढतात. पाणी उकळून गार केलेलंच घ्यायचं, कारण इथे उकळी हा टप्पाच नाही आणि जंतू मारायला दुसरं कोणी येणार नाही. ह्याच कारणासाठी बरणी ओट्यावर रात्रभर ठेवायची नाही. विदर्भात मे महिन्यात ओटा काय तापमानाला असतो हे सांगायला नको. अमेरिकेत बरणी उन्हात ठेवून 'सन टी' करायची जुनी पद्धत आहे, तीही टाळलेली बरी. ऊन पाणी कोमट करतं, निर्जंतुक करत नाही.

इथवर कोणती वाट चांगली ह्याचा निवाडा होत नाही. तो फळ करतं, असं माझं मत झालं आहे.

आंबट, ठसठशीत फळांना गरम वाट मानवते. कोकम घ्या. वाळलेली आमसुलं गरम अर्कात पत्ती गाळल्यावर दहा मिनिटं टाकून ठेवली की आंबटपणा आणि गडद लाल रंग दोन्ही उतरतात, आणि कोकमाची चव कडक चहापुढे दबत नाही. आगळ मात्र घालू नका, त्यात मीठ असतं. अमृत कोकम चालेल, पण मग वेगळी साखर नको. करवंद आणि जांभूळ साखर-पाण्यात पाच मिनिटं शिजवून, गाळून तो पाक अर्कात मिसळावा. अननसही असाच. शिजवल्यावर त्याचा उग्रपणा कमी होतो आणि चहाशी जमतं. कैरी उकडून गर काढतो तसा पन्ह्याचा गर दोन चमचे घातला तर उत्तम, फक्त वेलची घालायची की नाही ह्यावर घरात वाद होऊ शकतो. आमच्याकडे होतो.

लिंबू दोन्हीकडे चालतं, मात्र शेवटी. रस पिळताच चहाचा रंग दोन छटांनी फिका पडतो आणि नवशिके घाबरतात. चहाला तांबूस रंग देणारी द्रव्यं आम्लात फिकी पडतात, एवढंच. चकत्या रात्रभर बरणीत ठेवू नका, सालीखालचा पांढरा भाग कडू उतरतो. नागपुरी संत्र्याचं तर ह्याहून पुढचं. त्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो आणि ठेवल्यावर हळूहळू कडवट होतो, कारण त्यातलं लिमोनिन उशिरा तयार होतं. तो रस पेला हातात द्यायच्या क्षणीच घालावा.

ज्या फळांचं सगळं वैभव वासात आहे त्यांना उकळतं पाणी मारून टाकतं. कलिंगड गरम केलं की भोपळ्याची आठवण करून देतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी शिजवली तर चांगली लागते, पण ती जॅमची चव असते, फळाची नव्हे. ही फळं कोल्ड ब्रूची. स्ट्रॉबेरीच्या किंवा पीचच्या फोडी पत्तीबरोबरच बरणीत टाकाव्यात आणि सकाळी पत्तीबरोबरच गाळून काढाव्यात. रात्रभरात स्ट्रॉबेरी पांढुरकी, केविलवाणी होते, ती पेल्यात सजावटीला घालू नका; सजावटीला ताजी फोड. कलिंगड मात्र आदल्या रात्री टाकायचंच नाही. सकाळी रस काढून, गाळून, तयार चहात निम्म्याने मिसळायचा.

राहिला हापूस, आणि इथे माझे सगळ्यात जास्त प्रयोग फसले आहेत. गर जड, तो तळाशी बसतो. पहिला घोट चहाचा, शेवटचा आमरसाचा. गरम अर्कात घातला तर तुरटपणा आणि आंब्याचा गोडवा एकमेकांशी भांडतात. शेवटी जमलं ते असं: निलगिरीचा कोल्ड ब्रू, त्यात पातळ फडक्यातून गाळलेला आंब्याचा रस पेल्याला दोन मोठे चमचे, चार थेंब लिंबू आणि मिठाची चिमूट. तरीही पिताना चमचा पेल्यात ठेवावा लागतो. आई एक घोट घेऊन म्हणाली, "सरबत छान झालंय. आता चहा टाक."

साखरेबद्दल एकच. गरम अर्कात ती थेट विरघळते. गार चहात ती तळाशी बसून राहते, म्हणून साखर आणि पाणी समसमान घेऊन, विरघळेपर्यंतच गरम करून बाटलीत भरून ठेवा. तार येऊ द्यायची नाही, नाहीतर गार चहात तोही तळ गाठतो.

फळ घातलेला चहा दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावा. नुसता गाळलेला चहा फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, आणि त्यातूनही उरला तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतावा. पुढच्या वेळी साध्या बर्फाऐवजी हे चौकोन पेल्यात घातले की ते वितळले तरी चहा पातळ होत नाही.