एमआरआयआधी वाचा: कॉन्ट्रास्ट इंजेक्शन आणि लोहाचे कण

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्ट’ दिसलं की आमच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ते रंगाचं इंजेक्शन घ्यावंच लागतं का?” हल्ली त्याच्या जोडीला दुसराही येतो. “मोबाईलवर वाचलं, लोहाचे नॅनो कण सोडतात म्हणे रक्तात. मग मशीनचं चुंबक ते ओढून नाही ना घेणार?” या दुसऱ्याचं उत्तर रांग खोळंबवून देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

शरीरातल्या पाण्यात जो हायड्रोजन असतो, त्याच्याकडून येणारे रेडिओ लहरींचे संकेत टिपून एमआरआयचं चित्र बनतं. यात एक्स-रे नसतो. अडचण अशी की गाठ आणि तिच्या शेजारचा निरोगी भाग कधीकधी एकाच करड्या छटेत दिसतात. तो फरक उठून यावा म्हणून कॉन्ट्रास्ट.

सध्या सर्रास चालतं ते गॅडोलिनियमचं औषध. १९८८ पासून ते वापरात आहे. ते जिथे साचतं, तो भाग उजळतो. लोहाचे कण बहुतेकदा उलटं करतात. आयर्न ऑक्साइडचा कण आपल्या भोवतीचं चुंबकीय क्षेत्र विस्कटतो, तिथल्या पाण्याचा संकेत लवकर विझतो आणि चित्रात तो भाग काळा पडतो. यकृतासाठी ही युक्ती फार छान होती. रक्तातून आलेलं परकं काही दिसलं की गिळून टाकणाऱ्या कुप्फर पेशी निरोगी यकृतात असतात. त्यांनी कण गिळले की यकृत काळवंडतं. कर्करोगाच्या बहुतेक गाठींत या पेशी जवळपास नसतातच, त्यामुळे गाठ तेवढी उजळ उरते. अमेरिकेत असं औषध १९९६ मध्ये मंजूर झालं. गॅडोलिनियमपुढे त्याचा टिकाव लागला नाही, ते बाजारातून गेलं.

आता चुंबकाचं. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची. हे कण दहा-वीस ते शे-दीडशे नॅनोमीटरचे, वर डेक्स्ट्रानसारखं (हा साखरेच्या जातीचा पदार्थ) आवरण. एवढ्याशा कणावरचा ओढा रक्तप्रवाहापुढे नगण्य ठरतो. शिवाय त्यांचं चुंबकत्व मशीनच्या क्षेत्रात असेपर्यंतच. बाहेर आलात की संपलं, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. पुढे शरीर ते फोडून त्यातलं लोह आपल्या साठ्यात जमा करतं.

आमच्याकडे हे कण वापरत नाहीत, गॅडोलिनियमच देतो. मूत्रपिंडं नीट असतील तर त्याचा बहुतांश भाग दिवसभरात लघवीवाटे जातो. अगदी थोडा अंश मागे रेंगाळतो, म्हणून डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय आम्ही ते देत नाही. किडनीचा त्रास, डायबेटिस किंवा डायलिसिस असेल तर क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा. सिन्नर, निफाड, दिंडोरी, कुठल्याही लॅबचा चालेल, त्यासाठी नाशिकला वेगळी खेप नको. गरोदर असाल किंवा आधी कुठल्या इंजेक्शनची रिॲक्शन आली असेल तर तेही आधीच सांगा.

लोहाच्या कणांशी तुमचा संबंध येऊ शकतो तो वेगळ्याच वाटेनं. फेरुमॉक्सिटॉल हे रक्तक्षयासाठी (अंगात रक्त कमी असल्यास) शिरेतून देण्याचं लोहाचं औषध याच कणांचं आहे आणि तीन महिन्यांपर्यंत ते एमआरआयच्या चित्रावर परिणाम करू शकतं. गेल्या तीन महिन्यांत लोहाचं सलाईन लागलं असेल, तर औषधाचं नाव असलेला डिस्चार्जचा कागद सोबत घ्या. “रक्तवाढीचं काहीतरी होतं” एवढ्यावर आमच्या डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

आणि भ्यायचंच असेल तर मोठ्या लोखंडाला भ्या. चुंबक १.५ टेस्लाचं आहे, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट, आणि ते रात्रंदिवस चालू असतं. छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागेतून थेट येणाऱ्यांच्या खिशात कात्री राहून जाते. ती त्या खोलीत उडून कुणाच्या डोळ्यात जाऊ शकते. कात्री, चाव्या, मोबाईल, केसातल्या पिना, जोडवी, मंगळसूत्र सगळं बाहेर लॉकरमध्ये. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूच्या ऑपरेशनमधली क्लिप असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा. इथे आल्यावर कळलं तर त्या दिवशी तपासणी बहुधा होणार नाही.