ओव्हनच्या आधी ओहम

गेल्या पावसाळ्यात भाचा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. "मामा, हे गेलंय. दुकानात म्हणाले, चिप उडालीय, भंगारात दे. पण यूट्यूबवर ओव्हनमध्ये भाजून चालू केलेलं दाखवतात. करून बघूया?"

कार्ड दहा-बारा वर्षांपूर्वीचं, पंख्यांत धुळीचे बोळे. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखे जेमतेम पाव फेरी फिरायचे आणि सगळं बंद व्हायचं. कार्ड काढलं की तोच कॉम्प्युटर विनातक्रार चालू. हे ऐकल्यावर मला बरं वाटलं. चिप आतून बिघडली, तर बहुधा पंखे फिरत राहतात, फक्त स्क्रीन काळी राहते. मेमरी बिघडली तर स्क्रीनवर रंगीत पट्टे नाहीतर चौकटी दिसतात. इथे एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, स्वतःहून बंद पडत होता. याचा अर्थ १२ व्होल्टची वाट कुठेतरी थेट ग्राउंडला, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेला, मिळाली होती. असा शॉर्ट शोधता येतो, आणि तो चिपमध्येच असेल असं मुळीच नाही.

कार्डात वीज कशी फिरते ते आधी पाहू. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५०. ही वीज मुख्यतः १२ व्होल्टची असते, पण चिपला लागतो साधारण १ व्होल्ट. १०० वॉट १ व्होल्टवर द्यायचे म्हणजे १०० अँपिअर प्रवाह झाला! म्हणून चिपच्या शेजारी मॉस्फेटच्या, म्हणजे विजेच्या वेगवान स्विचांच्या, जोड्या आणि चौकोनी कॉइल रांगेने बसवलेल्या दिसतात. जोडीतला वरचा मॉस्फेट सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करून १२ व्होल्टचे बारीक घोट आत सोडतो. कॉइल आणि वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर मिळून त्या घोटांची १ व्होल्टची शांत धार करतात. हा वरचा मॉस्फेटच जळून आरपार जोडला गेला, तर १२ व्होल्ट सरळ चिपवर जातात आणि मग खरोखरच काही उरत नाही.

आता मल्टिमीटर. नवशिके इथे हमखास फसतात. ते बीपवर मीटर ठेवून चिपजवळच्या कॉइलला टोक लावतात, बीप वाजतो आणि "चिप शॉर्ट" असा निकाल लागतो. पण विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये मोजतात. बहुतेक मीटर काही दशक ओहमच्या खाली काहीही सापडलं की वाजतात, आणि धडधाकट मोठ्या चिपचा ग्राउंडशी रोध एखादा ओहम किंवा त्याहूनही कमी असू शकतो. दुकानात हेच झालं असावं, अशी मला दाट शंका आहे. म्हणून बीप विसरायचा आणि आकडा वाचायचा. भाच्याच्या कार्डावर कोरच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, कॉइलवर ०.८ ओहम आले. या आकाराच्या चिपला ते शोभतात. मेमरीच्या कॉइलवर ६२. तेही ठीक. मग सहा पिनांच्या सॉकेटवर, जिथे पिवळ्या वायरी येतात तिथे एक टोक आणि काळ्यांच्या जागी दुसरं. इथे काही किलोओहम हवे होते. आले ०.४. मीटरच्या वायरींचाच ०.२ वजा केला की उरले ०.२ ओहम.

बारा व्होल्टच्या त्या पट्ट्यावर पंचवीस-तीस कपॅसिटर आणि पाच मॉस्फेट समांतर जोडलेले. मीटरला सगळे सारखेच शॉर्ट दिसतात. दोषी ओळखायचा तो उष्णतेने. बेंच पॉवर सप्लाय, म्हणजे हवा तेवढाच व्होल्ट आणि प्रवाह देणारं यंत्र, १ व्होल्टवर लावला, प्रवाहाची मर्यादा ५ अँपिअर. १ व्होल्टच का? समजा दोष वरच्या मॉस्फेटचाच निघाला, तरी चिपपर्यंत तिच्या रोजच्या खुराकाहून जास्त काही पोचू नये. ०.२ ओहममधून ५ अँपिअर म्हणजे ५ वॉट, आणि ते सगळे तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भागात. बोर्डावर कापसाने आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं आणि सप्लाय चालू केला. सगळा बोर्ड ओला चकचकीत होता. दुसऱ्या मॉस्फेटशेजारच्या एका तपकिरी कपॅसिटरभोवती तेवढा कोरडा ठिपका उमटला आणि वाढत गेला. भाचा न बोलता वाकून बघत राहिला. हा क्षण मी अनेकदा पाहिला आहे, तरी प्रत्येक वेळी तितकाच आनंद होतो.

हे सिरॅमिक कपॅसिटर आतून चिरोट्यासारखे पदरापदरांचे असतात. बेरियम टायटनेटचा पातळ थर, मग निकेलचा, पुन्हा बेरियम टायटनेटचा, असे शेकडो पदर. पदार्थ ठिसूळ. जड कार्ड स्लॉटमध्ये वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं, स्क्रू ओढून आवळले, की बोर्ड किंचित वाकतो आणि कपॅसिटरच्या टोकाशी तिरकी चीर जाते. त्या चिरेतून दमटपणा शिरतो, हळूहळू शेजारचे पदर एकमेकांना भिडतात.

आता ओव्हनचं. कार्ड सुमारे २०० अंश सेल्सिअसवर आठ-दहा मिनिटं भाजलं की काही कार्डं खरंच उठतात, म्हणून हा उपाय टिकून आहे. पण तिथे सोल्डर, म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा धातू, वितळतं हा समज चुकीचा. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर निर्बंध आले. शिसं-कथलाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं. त्याच्या जागी आलेलं कथील, चांदी, तांब्याचं मिश्रण २१७ अंशांच्या आसपास वितळतं. खरी चीर असते आणखी आत, चिपचं सिलिकॉन आणि त्याखालची पाटी (चिपच्या तळाचा छोटा बोर्ड) यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या सोल्डरच्या टेकड्यांमध्ये. सिलिकॉन दर अंशाला दहा लाखात सुमारे ३ भाग प्रसरण पावतं, पाटी पंधराच्या घरात. रोज तापणं, रोज निवणं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशी टेकडी थकते. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपच्या अशा बिघाडांपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली, आणि कारण दिलं चिपच्या बांधणीतल्या कमकुवत साहित्याचं. भाजल्यावर पाटी फुगते, चिरेच्या कडा तात्पुरत्या टेकतात, कार्ड काही दिवस किंवा आठवडे चालतं. चीर तिथेच असते. रीबॉलिंगनेही ती जात नाही, कारण त्यात पाटी आणि बोर्ड यांना जोडणारे सोल्डरचे गोळे बदलतात, आतल्या टेकड्या नाहीत. शिवाय त्या ओव्हनमध्ये नंतर केक करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

भाच्याच्या कार्डाला तर भाजून काहीच झालं नसतं. ज्या सिरॅमिकची मुळात हजार अंशांच्या वर भट्टी झाली आहे, त्याला दोनशे अंशांची काय मातब्बरी?

बोर्ड खालून गरम केला, सोल्डर नीट वाहावं म्हणून फ्लक्स लावलं, वरून हॉट एअर. बारा व्होल्टचे आणि ग्राउंडचे तांब्याचे जाड थर उष्णता ओढून घेतात, त्यामुळे कपॅसिटर सुटायला वेळ लागला. घाईने चिमट्याने ओढला असता तर खालचा पॅडच उखडला असता. तो निघाल्यावर मीटरने ४.७ किलोओहम दाखवले. एका मेलेल्या बोर्डावरून त्याच आकाराचा, १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर काढून बसवला, चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, पंखे साफ केले. स्क्रीन पहिल्याच फटक्यात आली.

कार्ड घरी न्यायच्या आधी भाच्याने कागदी टेप पाठीमागच्या मोकळ्या जागेवर चिकटवून बॉलपेनने लिहिलं: १२ व्होल्ट ४.७ किलो, मेमरी ६२, कोर ०.८, आणि खाली तारीख.