किटवरचे ९५ टक्के आणि हळदीच्या दुकानातला शेअर

परवा सांगलीच्या मार्केट यार्डात एका मित्राच्या अडत दुकानात बसलो होतो. हळकुंड मोडून आतला रंग बघत बघत त्यानं मोबाईल पुढं केला, "हे बघ, टेस्ट किट काढणारी बायोटेक कंपनी हाय, ९५ टक्के अचूक म्हणत्यात. घ्यावा का शेअर?" मी लॅबवाला माणूस, शेअरमधलं मला फार कळत नाही, पण ते ९५ टक्के काय डोक्यातून जाईनात, कारण कोव्हिडच्या काळात अँटिबॉडी टेस्टच्या किटवरच्या ह्याच आकड्यानं शिकलेल्या माणसांचाही घोळ झालेला मी रोज काउंटरवर बघितलाय.

आधी अँटिबॉडी टेस्ट काय बघते ते. विषाणू शिरल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्तात त्याला धरणारी प्रथिनं तयार होतात, त्या अँटिबॉडी. २०१९ च्या पुरानंतर भिंतीवर पाण्याची खूण राहिली ना, तसं समजा. खुणेवरून पाणी येऊन गेलं एवढं कळतं, आत्ता आयर्विन पुलाला पाणी किती फुटावर आहे ते कळत नाही. त्यासाठी आरटीपीसीआर, म्हणजे नाका-घशातल्या नमुन्यात प्रत्यक्ष विषाणू शोधणारी टेस्ट.

आणि किटमधली ती पट्टी, काय सुंदर चीज आहे! सुरुवातीला तिच्यात खऱ्या सोन्याचे कण वाळवून ठेवलेले असतात, इतके बारीक की ते पिवळे न दिसता लाल दिसतात, आणि प्रत्येक कणाला विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं. रक्ताचा थेंब टाकून वर बफर म्हणजे किटसोबतचं द्रावण सोडलं की वात तेल ओढते तसा कागद रक्त पुढं ओढत नेतो. वाटेत कोव्हिडची अँटिबॉडी असेल तर ती इंग्रजी वाय अक्षरासारख्या आपल्या दोन हातांनी ते सोन्याचे कण धरते, आणि पुढं टेस्टच्या रेघेवर तिचं शेपूट पकडणारी दुसरी प्रथिनं बसलेली असतात. शेपूट अडकलं की सोनंही तिथंच अडकतं आणि रेघ लाल होते. आता गंमत अशी की साध्या सर्दीचेही करोना विषाणू असतात, त्यांच्या अँटिबॉडी कधीकधी ढिल्या हातानं तेच कण धरतात आणि पुसट रेघ उमटते. अशी पट्टी ट्यूबलाइटखाली धरून आम्ही दोघं-दोघं बघायचो, आणि ठरलेली मिनिटं उलटून गेली की ती बघण्यातच अर्थ नसायचा.

आता हिशोब. मे-जून २०२० मध्ये आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं देशातल्या ७० जिल्ह्यांत अँटिबॉडीचा सर्व्हे केला, त्यात आपली सांगलीपण होती. तेव्हा देशात साधारण ०.७३ टक्के मोठ्या माणसांना लागण होऊन गेली होती. म्हणजे १०,००० मागं ७३. समजा एक किट खऱ्या १०० पैकी ९५ पकडतं आणि लागण न झालेल्या १०० पैकी फक्त दोघांना चुकून पॉझिटिव्ह म्हणतं. ७३ पैकी ६९ सापडतील, पण उरलेल्या ९,९२७ मधले १९९ जण फुकट पॉझिटिव्ह! म्हणजे चार पॉझिटिव्हमधला जेमतेम एक खरा. सर्व्हेत ही चूक हिशोबात धरून वजा करता येते, एकट्या माणसाच्या रिपोर्टमधून कशी करणार?

जून-जुलै २०२१ च्या सर्व्हेत अँटिबॉडी असलेल्यांचा आकडा ६७.६ टक्क्यांवर गेला. तेच किट, तीच चूक, पण आता १०० पॉझिटिव्हमध्ये ९९ खरे. किट विश्वासाचं झालं खरं, पण दर तिघांतल्या दोघांकडं अँटिबॉडी असताना ती शोधायला पैसे कोण देणार?

लस घेतल्यावर "माझं टायटर (रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण) एवढं आलं" म्हणून काढा पिऊन आकडा वाढवायला निघालेले लोकही बघितले. अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध-नियामक संस्थेनं मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की लसीनंतर आपण किती सुरक्षित आहोत ते बघायला ही टेस्ट वापरू नका. आठवण ठेवणाऱ्या पेशी त्या आकड्यात येतच नाहीत. शिवाय कोव्हिशिल्डमुळं फक्त स्पाइक म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या काट्यांच्या प्रथिनाच्या अँटिबॉडी तयार होतात, त्यामुळं न्यूक्लिओकॅप्सिड ह्या विषाणूच्या आतल्या प्रथिनाच्या अँटिबॉडी शोधणारं किट वापरलं तर लस घेतलेला माणूसही निगेटिव्ह येतो, आणि लोक उगाच घाबरतात.

बायोटेक शेअरलाही हेच गणित लागतं. माणसांवर चाचणी सुरू झालेल्या १० औषधांतलं साधारण एकच मंजुरीपर्यंत पोचतं, म्हणून सुरुवातीचा चांगला रिझल्ट म्हणजे ती पुसट रेघ समजायची. सोरेंटो नावाच्या अमेरिकन कंपनीनं मे २०२० मध्ये प्रयोगशाळेत विषाणूला १०० टक्के अडवणारी अँटिबॉडी सापडल्याचं जाहीर केलं, शेअर एका दिवसात दुपटीच्या वर गेला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. मॉडर्नाची लस तर खरोखर चालली, तरी ऑगस्ट २०२१ मध्ये ४८० डॉलरच्या वर गेलेला तिचा शेअर २०२५ मध्ये ३० च्या खाली आला, कारण लसीसाठीची रांगच संपली.

मित्रानं ७३ आणि १९९ हे दोन्ही आकडे हिशोबपट्टीच्या पाठीमागं लिहून घेतले, मग परत मोबाईल उघडला. "ह्यात कुठं लिहिलंय रे, लागण न झालेल्या किती जणांवर हे किट तपासलं ते?" आम्ही दोघांनी तो मेसेज खालपर्यंत दोनदा वाचला, तसलं काही त्यात लिहिलेलं नव्हतं. त्यानं मोबाईल गल्ल्यावर ठेवला आणि पुढच्या पोत्यातलं हळकुंड मोडायला घेतलं.