कबुतरे, बुरशी आणि पाठीतले पाणी

मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा आदेश जुलै २०२५ मध्ये निघाला, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि त्या वादाचे पडसाद नाशिकच्या गोदाघाटापर्यंत येऊन पोहोचले. रामकुंडाच्या परिसरात दाणे टिपणाऱ्या थव्यांचे छायाचित्र आणि त्याखाली ‘कबुतराच्या विष्ठेतून थेट मेंदूत बुरशी’ अशा धर्तीचा मजकूर मोबाइलवर फिरू लागला. अशा संदेशांत सत्याचा अंश असतो, पण भीती भलत्यांनाच घातली जाते आणि ज्यांना सावध करायला हवे त्यांच्याविषयी चकार शब्द नसतो. ती माणसे म्हणजे एचआयव्हीसह जगणारे. त्यातही ज्यांना आपल्या शरीरात हा विषाणू आहे याची कल्पना नाही किंवा ज्यांचे औषध मध्येच सुटले आहे, असे लोक.

या बुरशीचे नाव क्रिप्टोकॉकस निओफॉरमॅन्स. १८९४ मध्ये जर्मनीत एका रुग्णाच्या पायाच्या हाडातून आणि त्याच वर्षी इटलीत फळाच्या रसातून ती वेगळी करण्यात आली. कबुतरांच्या घरट्यांत ती भरपूर सापडते हे १९५५ मध्ये अमेरिकेत दाखवून देण्यात आले. वाळलेल्या विष्ठेतील नत्रयुक्त द्रव्यांवर ती पोसते. कबूतर मात्र तिच्यामुळे सहसा आजारी पडत नाही, कारण त्याच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि ती उष्णता या बुरशीला मानवत नाही. परंतु ती माती, झाडांच्या ढोल्या आणि कुजक्या लाकडातही राहते. त्यामुळे घाटाकडे न फिरकणारा माणूसही तिच्यापासून सुटत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या श्वासातून ती लहानपणीच आत गेलेली असते आणि निरोगी शरीर तिला फुप्फुसातच दाबून ठेवते. (कबुतरांच्या पिसांमुळे आणि विष्ठेमुळे फुप्फुसांना होणारा ॲलर्जीचा विकार ही वेगळी आणि खरी तक्रार आहे, तिची येथे सरमिसळ करण्याचे कारण नाही.)

दाबून ठेवण्याच्या या कामाचे नियंत्रण सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींकडे असते. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही याच पेशी नष्ट करतो आणि संख्या १०० च्या खाली घसरली की वर्षानुवर्षे गप्प बसलेली बुरशी डोके वर काढते. एरवी तिला गिळून पचवणाऱ्या भक्षक पेशींना सीडी-४ पेशींकडून संदेश मिळेनासा होतो. मग गिळलेली बुरशी त्या भक्षक पेशीच्या आतच जिवंत राहते, तिथे वाढते आणि पेशीला न मारता बाहेरही पडू शकते. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांची भिंत सहसा जंतूंना आत येऊ देत नाही. ती भिंत ही बुरशी कधी स्वतः ओलांडते, तर कधी भक्षक पेशीच्या पोटात बसून पार करते.

येथपर्यंतची गोष्ट खचलेल्या प्रतिकारशक्तीची संधी साधणाऱ्या अनेक संसर्गांना लागू पडते. या आजाराचे, म्हणजे क्रिप्टोकॉकसमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे, खरे वेगळेपण पुढे सुरू होते आणि माझ्या मते ते वैद्यकशास्त्रातील सर्वांत विलक्षण प्रकरणांपैकी एक आहे, कारण येथे रुग्णाचा जीव अनेकदा जातो तो निव्वळ द्रवाच्या दाबामुळे.

या बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती शर्करांच्या लांब साखळ्यांचे एक जाड, बुळबुळीत कवच असते. प्रयोगशाळेत रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात काळी शाई मिसळतात. शाईचे कण त्या कवचात शिरू शकत नाहीत. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली काळ्याभोर पार्श्वभूमीवर गोल पेशी आणि तिच्याभोवती स्वच्छ पांढरे वलय दिसते, काही पेशींना लहान अंकुर फुटलेला असतो. हे कवच पेशीला गिळले जाण्यापासून वाचवते आणि त्याचे तुकडे सतत सुटून भोवतालच्या द्रवात मिसळत राहतात.

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या स्वच्छ द्रवात तरंगतात, तो द्रव, म्हणजेच हे पाठीतले पाणी, मेंदूच्या आतील पोकळ्यांमध्ये अखंड तयार होत असतो. एका वेळी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो, पण दिवसभरात जवळजवळ अर्धा लिटर तयार होतो. म्हणजे सगळा द्रव दिवसातून तीनदा तरी बदलला जातो. जेवढा तयार होतो तेवढाच मेंदूच्या आवरणातील सूक्ष्म उंचवट्यांतून गाळला जाऊन शिरांतील रक्तात परत जातो. आता या द्रवात बुरशीच्या पेशी एका मिलिलिटरला लाखांच्या घरात आणि त्यांच्या कवचाचा चिकट गाळ, अशी अवस्था झाली तर काय होईल, हे निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला समजावून सांगावे लागणार नाही: ठिबकच्या तोट्या शेवाळाने बुजल्या आणि मोटार चालूच राहिली तर नळीत जे होते, तेच कवटीत होते. द्रवाचे उत्पादन थांबत नाही, निचरा थांबतो. कवटी हाडाची असल्याने ती फुगू शकत नाही आणि सगळा दाब मेंदूवर व डोळ्यांच्या नसांवर येतो. निरोगी प्रौढात हा दाब पाण्याच्या साधारण २० सेंटिमीटर उंचीइतका किंवा त्याहून कमी असतो. या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत तो २५ च्या वर आढळतो आणि काहींत त्याच्या दुपटीवरही जातो.

लक्षणे म्हणूनच फसवी असतात. कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे डोके दुखत राहते, गोळ्यांनी थांबत नाही, उलट्या होतात, एकाचे दोन दिसू लागते, नजर किंवा ऐकणे मंदावते. मेंदूज्वराची ओळख मानली जाणारी ताठ मान येथे बऱ्याचदा नसतेच, कारण दाह निर्माण करणारी प्रतिकारशक्तीच खचलेली असते. सीटी स्कॅनही पुष्कळदा निर्दोष येतो. पुढे माणूस असंबद्ध बोलू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला की काही घरांत अजूनही बाहेरची बाधा म्हणून देवऋषीकडे फेऱ्या सुरू होतात, तर काही ठिकाणी ‘एचआयव्ही मुळापासून बरा’ करणाऱ्याच्या पुड्यांसाठी हातचे औषध बंद केलेले असते. पहिल्यात मोलाचे दिवस जातात आणि दुसऱ्यामुळे तर आजाराला दारच उघडे मिळते.

निदान आणि उपचार या दोहोंसाठी पाठीतले पाणी काढावे लागते, आणि नेमक्या याच गोष्टीला नातेवाईक नकार देतात. पाठीतून पाणी काढले की माणूस कमरेखाली लुळा पडतो, हा समज नाशिक शहरात आहे तसाच सुरगाण्या-पेठच्या पाड्यांवरही आहे. शरीररचना पाहिली तर या भीतीला आधार सापडत नाही. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई घातली जाते ती त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये, जिथे द्रवात फक्त नसांचे सुटे धागे तरंगत असतात. लुळेपणा आलाच तर बहुतेक वेळा तो मूळ आजाराचा असतो. पण पाणी आधी काढलेले असते, म्हणून दोष सुईच्या माथी बसतो.

रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. सुईला उभी नळी जोडली की द्रव तिच्यात चढू लागतो आणि ज्या उंचीवर तो थांबतो तोच कवटीतील दाब. खास नळी नसेल तर सलाइनची नळी मोजपट्टीला धरूनही काम भागते. दाब जास्त असेल तर २० ते ३० मिलिलिटरपर्यंत पाणी काढून तो २० च्या खाली, किंवा फारच जास्त असेल तर निम्म्यावर आणतात. आठवड्याभराचे डोके काही वेळातच हलके झाल्याचे रुग्ण सांगतो. निचरा अजून बंदच असल्याने दाब पुन्हा चढतो आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच करावे लागते. मेंदूची सूज उतरवण्याचे नेहमीचे उपाय येथे कामी येत नाहीत. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आशिया-आफ्रिकेतील रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा अपाय दिसल्याने ती चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रत्येक एचआयव्हीबाधिताची डोकेदुखी बुरशीचीच असते असे मात्र नाही. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर नेहमी डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मेंदूत गाठी करतो, त्या स्कॅनमध्ये कडेने चमकणाऱ्या कड्यांसारख्या दिसतात. अशा गाठींचा संशय असेल तर आधी स्कॅन करावा लागतो, कारण तेव्हा पाठीतले पाणी काढणे खरोखरच धोक्याचे ठरू शकते. जेसी विषाणू नसांवरचे आवरण खरवडतो आणि त्यावर प्रतिकारशक्ती पूर्ववत करण्यापलीकडे औषध नाही.

बुरशीवरची औषधे द्राक्षपट्ट्याला परकी नाहीत. आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिन-बी अर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटते आणि पडद्याची नासधूस करते. फ्लुकोनॅझोल ते तयारच होऊ देत नाही. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी बागेत मारले जाणारे हेक्झाकोनॅझोल याच कुळातले आहे. डावणी या द्राक्षाच्या दुसऱ्या रोगावर ते चालत नाही, कारण डावणीचा जीव खरी बुरशी नसून स्वतः अर्गोस्टेरॉल बनवत नाही. फ्लुसायटोसिन हे तिसरे औषध बुरशीच्या पेशीत गेल्यावर तिच्या जनुकीय द्रव्याची जुळणी बिघडवते. पूर्वी ॲम्फोटेरिसिन रोज शिरेतून द्यावे लागे, थंडी वाजून ताप येई आणि मूत्रपिंडांवर ताण पडे. मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधलेल्या त्याच औषधाची एकच मोठी मात्रा आणि सोबत दोन आठवडे बाकीची दोन औषधे तोंडावाटे, हा मार्ग तितकाच परिणामकारक असल्याचे आफ्रिकेतील चाचणीत दिसले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तो स्वीकारला. तरीही त्या चाचणीत १० आठवड्यांत सुमारे एक चतुर्थांश रुग्ण दगावले होते.

एचआयव्हीचे औषध मात्र अशा वेळी लगेच सुरू करत नाहीत. बुरशी आटोक्यात येण्याआधीच प्रतिकारशक्ती जागी झाली तर ती बंद कवटीत दाह माजवते. म्हणून चार ते सहा आठवडे थांबतात. ही वेळच येऊ नये यासाठी सोपी तपासणी आहे: कवचाचे तुकडे लक्षणांच्या काही आठवडे आधीपासून रक्तात सापडतात आणि गर्भधारणेच्या चाचणीसारख्या पट्टीवर सुमारे दहा मिनिटांत दिसतात. सीडी-४ १०० च्या खाली असलेल्या प्रत्येकाची ती करावी, अशी शिफारस आहे. पट्टीवर दुसरी रेघ उमटली आणि डोके दुखत नसले तरी पाठीतले पाणी तपासून घेतात. त्यात बुरशी नसेल तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांवरच आजार मेंदूबाहेर रोखता येतो.