गाडी आणण्याआधी एक विनंती: धुऊ नका

जुनी ब्रिटिश पोलीस मोटरसायकल हाती लागली की बहुतेकांचा पहिला हात पाण्याच्या पाइपकडे जातो. तेवढं करू नका. तारेचा ब्रश तर मुळीच नको. गाडी टार्पोलिनखाली जशी सापडली तशी, मळासकट, आमच्या दुरुस्तीच्या कार्यशाळेत आणा. नंबर प्लेट, गंजलेले ब्रॅकेट, डब्यातले सुटे बोल्ट, जुनं तपकिरी लॉगबुक (गाडीच्या नोंदणीची वही), सगळं सोबत आणा.

पांढरा रंग मारला, पुढे काच लावली की ट्रायम्फ या ब्रिटिश कंपनीची कुठलीही साडेसहाशे सीसीची गाडी दोन दिवसांत ‘पोलिसांची’ होते. म्हणून आम्ही रंगावर नाही, नंबरावर जातो. इंजिनाचा नंबर डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाखाली असतो. फ्रेमचा नंबर पुढे, हँडलखालच्या मानेवर, तोही डावीकडे. कारखान्यातून निघताना दोन्ही एकच असत. 1963च्या मॉडेलपासून 1969पर्यंतच्या 650 इंजिनांवर ‘डीयू’ ही अक्षरं दिसतात, आणि त्यांच्या आधी ‘टीआर6पी’ हा मॉडेलचा कोड ठोकलेला असेल तर त्यातला ‘पी’ पोलिसांचा. भारतात आरटीओसाठी चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात, तशीच आम्हीही घेतो. नंबराभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या तर तुम्हाला तिथल्या तिथे सांगतो.

या गाड्यांचं लाडकं नाव ‘सेंट’, म्हणजे संत. अध्यात्माशी संबंध नाही. ‘काहीही क्षणात थांबवणारी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन कारखान्यात त्या बनल्या. कारखाना 1983 मध्ये बंद पडला आणि आता तिथे घरं आहेत. एका गल्लीचं नाव ट्रायम्फच्या मॉडेलवरून बॉनव्हिल क्लोज आहे. पण कारखान्याच्या नोंदवह्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात जपलेल्या आहेत. तुमची गाडी कुठे रवाना झाली ते तिथून कळू शकतं, आणि तो कागद चकचकीत रंगापेक्षा जास्त मोलाचा.

मग येतात भोकं. रेडिओचा डबा, क्रॅशबार, जादा दिवे यांनी ठेवलेल्या खुणा बुजवून गुळगुळीत करण्याचा मोह होतो. आम्ही बुजवत नाही. ब्रॅकेटखाली दडलेला मूळ रंगही तिथेच सापडतो. प्रत्येक दलाच्या गाड्या पांढऱ्याच नव्हत्या, लंडनमध्ये काळ्या गाड्याही धावल्या.

छोटी, कमी आवाजाची, पाण्याने थंड होणारी व्हेलोसेट एलई ही दुसरी ब्रिटिश पोलीस गाडी आणलीत तर ती ‘नॉडी बाइक’ (इंग्रजीत ‘नॉड’ म्हणजे मान डोलावणं). हवालदाराने साहेबाला सलाम ठोकायचा तर हँडलवरचा हात सोडावा लागे, म्हणून नुसती मान डोलावण्याची मुभा मिळाली. आपल्याला नंदीबैल आठवेल. हाताने ओढायचा स्टार्ट लिव्हर आणि हाताचा गिअर असेल तर गाडी 1958च्या आधीच्या घडणीची. किक आणि पायाचा गिअर असेल तर त्यानंतरची.

दुरुस्तीत एका गोष्टीवर आम्ही तडजोड करत नाही. ट्रायम्फच्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, आत गाळ अडवणारी एक नळी असते. वर्षानुवर्षांचा काळा गाळ तिच्यात बसून घट्ट होतो आणि तेलाची वाट अडवतो. वरून इंजिन छान वाजत असलं तरी इंजिन उघडलं की ही नळी काढून साफ करायचीच. ‘राहू द्या, चालतंय की’ म्हणणाऱ्या ग्राहकाचं काम आम्ही नम्रपणे नाकारतो. त्या काळच्या इंची मापाच्या बोल्टांना मेट्रिक (मिलिमीटर मापाचा) पानाही लावू नका, कोपरे गोल होतात आणि मग आमचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही जातात.

निळ्या दिव्याबद्दल: ब्रिटनमध्ये रस्त्यावर खासगी गाडीला तो लावता येत नाही, दिवा बंद असला तरीही. आम्ही तो दुरुस्त करून वेगळ्या डब्यात देतो. मेळाव्यात उभ्या गाडीला हवा तर लावा, परतताना काढा.

पहिल्या तपासणीनंतर आम्ही दोन अंदाज लेखी देतो: फक्त चालू करण्याचा आणि पूर्ण उभी करण्याचा. बहुतेक वेळा आमची शिफारस पहिल्याची असते. रंगाचं नंतर बघू.