पानगळीचा केक आणि आमसुलाचा लाल रंग

मागच्या ऑक्टोबरात मी लेकीकडे मॅसॅच्युसेट्सला होते. नातीचा सातवा वाढदिवस तोंडावर आलेला आणि बाहेर पानगळ ऐन रंगात. केकवर तिला 'खिडकीतलं झाड' हवं होतं. लेक दुकानात जाऊन जेल रंगांच्या डब्या बघून आली. लाल, केशरी, पिवळा, तपकिरी अशा चार डब्यांना केकच्या सगळ्या सामानाहून जास्त पैसे पडत होते. त्यातला लागणार हरभऱ्याएवढा, उरलेला फडताळात वाळणार. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे जीभ आवरली नाही. म्हटलं, "खिडकीतल्या झाडाने काय रंग दुकानातून आणलेत?"

'ऑटम'ला आपण शरद म्हणून मोकळे होतो. पण आपल्या शरदात कोजागिरीचं चांदणं असतं आणि झाडं हिरवीगार असतात. आपली पानगळ शिशिरातली. कोरड्या दिवसांत पाणी वाचवायला आपली झाडं पानं टाकतात. तिकडे दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या की झाड आवराआवर सुरू करतं. पानातला नत्रासारखा किमती माल ते खोडाकडे ओढून घेतं, तसा पानातला अन्न बनवायचा कारखानाच मोडीत निघतो आणि हरितद्रव्याचं विघटन होतं. हिरवा पडदा सरला की मागे आधीपासून असलेला पिवळा-केशरी रंग दिसू लागतो. ही कॅरोटिनॉइड द्रव्यं. यातलं कॅरोटिन १८३१ साली वाकेनरोडर या जर्मन शास्त्रज्ञाने गाजरातून वेगळं काढलं, तर १८३७ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने पिवळ्या पडलेल्या पानांतल्या रंगाला झँथोफिल हे नाव दिलं. म्हणजे एका घराण्याची एक शाखा भाजीच्या टोपलीतून सापडली, दुसरी पालापाचोळ्यातून.

मेपलच्या लाल रंगाची गोष्ट निराळी. तो आधीपासून पानात नसतो, झाड तो शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण गोठवणारा नव्हे, असं हवामान असलं की पानात साखर साचते आणि तिच्यापासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बनतं. गळून जायच्या पानावर एवढा खर्च का, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आवराआवर चालू असताना उन्हापासून पानाचं रक्षण व्हावं म्हणून, हे मला त्यातलं पटणारं उत्तर.

केकवाल्यांनी लक्षात ठेवायचा फरक एवढाच, की पिवळा-केशरी रंग तेलातुपात विरघळतो आणि लाल पाण्यात. कुठला रंग लोण्यात घालायचा आणि कुठला साखरेच्या पाकात, ते यावरून ठरतं.

मिसळीची तर्री आठवा. मिरचीचा लाल रंगही कॅरोटिनॉइडांपैकीच, म्हणून तो रश्श्यात न राहता तेलाबरोबर वर येतो. गाजर हलव्याचं तूप केशरी होतं तेही याच कारणाने. आम्ही तेच केलं. एक गाजर किसून शंभर ग्रॅम बिनमिठाच्या लोण्यात मंद आचेवर दहा मिनिटं ठेवलं. उष्णतेने गाजराच्या पेशी फुटतात आणि कॅरोटिन लोण्यात उतरतं. मग गाळून फ्रिजमध्ये ठेवलं. गोठल्यावर तळाशी राहिलेलं पाणी ओतून टाकलं. असं वितळून पुन्हा गोठलेलं लोणी जरा रवाळ होतं, म्हणून त्यात तेवढंच ताजं मऊ लोणी घालून पिठीसाखरेबरोबर फेटलं. दुकानी जेलचा भडकपणा त्याला नाही, पण झेंडू आणि जर्दाळू यांच्या मधला असा रंग आला, की लेक म्हणाली, "आई, हा तर बाहेरचाच." इथे गाजराचा रस ओतून चालत नाही. लोण्यात पाणी फार झालं की क्रीम फाटतं.

लाल रंगासाठी पहिल्यांदा मी बीट वापरलं आणि फसले. कच्चं मिश्रण गुलाबी सुंदर दिसत होतं, ओव्हनमधून केक मातकट बाहेर आला. बिटाचा लाल रंग मेपलचा नव्हेच. तो बीटालेन, आणि उष्णतेपुढे तो टिकत नाही. बीट, लाल माठ, बोगनवेल हे त्या रंगाचे मानकरी. गंमत अशी, की जी झाडं बीटालेन बनवतात ती अँथोसायनिन बनवत नाहीत. दोन्ही रंग एकाच झाडात अजून कुणाला सापडलेले नाहीत.

मेपलचाच लाल हवा तर क्रॅनबेरी घ्यावी. मॅसॅच्युसेट्समध्ये ती याच दिवसांत निघते. दलदलीच्या वाफ्यांत पाणी सोडतात आणि फळं लालभडक तरंगत वर येतात. माझ्या पिशवीत मात्र गावाकडची बिनमिठाची आमसुलं होती. मेपलचं पान, क्रॅनबेरी आणि कोकम या तिघांच्या लाल रंगाच्या मुळाशी सायनिडिन नावाचा एकच रेणू आहे. कोकणातल्या आणि अटलांटिककाठच्या दोन झाडांनी एकमेकांना न विचारता तोच रंग काढावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पाच-सहा आमसुलं दोन चमचे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली आणि ते पाणी पिठीसाखरेत थेंबाथेंबाने कालवलं. माणकासारखा, किंचित आंबट पाक तयार झाला. गोडमिट्ट केकवर तो आंबटपणा बरा वाटतो.

अँथोसायनिन आम्लात लाल, एरवी जांभळट आणि सोड्यात निळं-हिरवं दिसतं. आमसूल स्वतःच आंबट, त्यामुळे रंग टिकतो. पण केकमध्ये सोडा जास्त झाला असेल तर पाक जिथे टेकतो तिथे निळसर डाग उमटतो. हळदीचं उलट. सोड्याने ती लाल होते, कुंकू पूर्वी हळदीला चुना लावून करत ते यामुळेच. चिमूटभर हळदीच्या पिवळ्या पाकात सुईच्या टोकावर मावेल इतका सोडा घातला की विटकरी छटा येते. त्याहून जास्त घातला तर साबण खाल्ल्यासारखं लागेल.

अर्धवट वाळलेल्या पानाचा शेवाळी रंग तर फुकटच मिळतो. दही घातलेल्या पिठात पालकाची पेस्ट मिसळा. उष्णता आणि आम्ल मिळून हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून टाकतात आणि हिरवा रंग ऑलिव्ह-तपकिरी होतो. भाजीवर झाकण ठेवलं की ती काळवंडते म्हणून आपण हळहळतो ना, तेच इथे हवं असतं.

नातीला पानांच्या शिरासुद्धा दिसायला हव्या होत्या. त्यासाठी बेसिलची फवारणी न केलेली पानं धुऊन कोरडी केली आणि त्यांच्या पाठीवर वितळलेलं कंपाउंड चॉकलेट ब्रशने फासलं. शिरा पानाच्या पाठीवर उठलेल्या असतात, म्हणून पाठच घ्यायची. गोठल्यावर हिरवं पान अलगद सोलून काढलं. खऱ्या चॉकलेटमधलं कोकोचं लोणी सहा तऱ्हांनी गोठू शकतं आणि त्यातली एकच तऱ्हा चकचकीत, कडक अशी हवी असते. कंपाउंडमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे ही भानगड नाही आणि पैसेही कमी लागतात. चवीला ते कमी पडतं हे कबूल. खाली विखुरलेला पाचोळा म्हणजे सुक्या खोबऱ्याचे भाजलेले पातळ काप. कडेने तपकिरी होऊन ते आपोआप वळतात.

नात अंगणातून खरी मेपलची पानं ओंजळभर घेऊन आली होती. ती मी केकवर ठेवू दिली नाहीत. जपानात ओसाकाजवळच्या मिनोमध्ये मेपलची पानं तळून खातात, पण ती खाण्यासाठी मुद्दाम जोपासलेल्या झाडांची, वर्षभर मिठात मुरवलेली. रस्त्याकडेच्या पानावर गाडीचा धूर आणि कुत्र्याचं काय काय असतं, ते सांगायला नको. ती पानं ताटाभोवती मांडली.

दोन दिवसांनी उरलेला तुकडा फ्रिजमधून काढला तेव्हा गाजराचं केशरी लोणी तसूभरही न हलता जागच्या जागी होतं. आमसुलाचा लाल मात्र खालच्या ओलसर केकमध्ये बोटभर उतरला होता. कडेला एका ठिकाणी तो निळसर दिसला. लेकीने डबीवरचा चमचा सपाट न करताच सोडा घातला होता.