चोवीस स्विच आणि एक छोटासा बोर्ड

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं उभं कपाट, बांधायला घेतलं की लाकूड, स्क्रीन, जॉयस्टिक, बटणं यांचा हिशेब पटकन मांडता येतो. गाडी अडते ती मधल्या दुव्यापाशी. बटण दाबलं गेलं, हे संगणकाला कळवायचं कोणी? हे काम करणाऱ्या बोर्डाला एन्कोडर म्हणतात. माझं मत आधीच सांगतो: त्याचं काम इतकं साधं आहे की त्यावर फार पैसे घालू नयेत. पैसे हाताला लागणाऱ्या वस्तूंत, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणांत घालावेत. मात्र स्वस्तातल्या बोर्डांपैकी कुठला नडेल, हे ओळखता आलं पाहिजे.

सुरुवात मोजणीने करावी. नेहमीची आर्केड जॉयस्टिक आतून म्हणजे चार मायक्रोस्विच. दांडी तिरकी ढकलली की शेजारचे दोन एकदम दाबले जातात आणि आठ दिशा मिळतात. त्यात सहा बटणं, एक स्टार्टचं, एक नाण्याचं. एका खेळाडूचे १२ स्विच, दोघांचे २४.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जुना यूएसबी कीबोर्ड उघडून त्यातल्या बोर्डाला वायरी जोडणं. मीही इथूनच सुरुवात केली. एकट्याने खेळताना सगळं सुरळीत होतं. दुसरा खेळाडू शेजारी उभा राहिला आणि कोणी न दाबलेली बटणं दाबली जाऊ लागली.

कारण कीबोर्डच्या रचनेत आहे. शंभरेक कळांना प्रत्येकी वेगळी वायर देणं परवडत नाही, म्हणून कळा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीवर बसवतात. बोर्ड एकेका आडव्या ओळीला संकेत देतो आणि तो कुठल्या उभ्या ओळीतून परत येतो ते पाहतो. आता जाळीतल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, तर वीज त्या तीन स्विचमधून वळसा घालून चौथ्या कोपऱ्याच्या ओळीत पोचते. बोर्डाला चौथी कळही दाबलेली दिसते. याला घोस्टिंग म्हणतात. असा गोंधळ होण्याची शक्यता दिसली की काही कीबोर्ड तिसरी कळ मोजतच नाहीत, आणि ते खेळात तितकंच वाईट, कारण ऐन क्षणी गोळी सुटत नाही. प्रत्येक कळेमागे एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बसवला तर हा वळसा बंद होतो, पण साध्या कीबोर्डात डायोड नसतात. टायपिंग करताना तीन अक्षरं एकदम कोण दाबतं?

दुसरी मर्यादा निरोपाच्या आकारात आहे. साधा यूएसबी कीबोर्ड संगणकाला ८ बाइटचा निरोप पाठवतो. त्यात एक बाइट शिफ्ट, कंट्रोल, आल्ट वगैरेंचा, एक राखीव, आणि उरलेल्या सहांत प्रत्येकी एक कळ. दोघांनी दांड्या तिरक्या ढकलल्या की चार जागा तिथेच संपल्या. जुने आर्केड खेळ चालवणाऱ्या, १९९७ साली सुरू झालेल्या ‘मेम’ या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या खेळाडूच्या बटणांना मुळातच डावं कंट्रोल, डावं आल्ट आणि डावं शिफ्ट दिलेलं आहे. या कळांना त्या वेगळ्या बाइटमध्ये स्वतःचा एकेक बिट असल्याने त्या सहांच्या रांगेत येत नाहीत.

म्हणून बोर्ड घेताना एकच प्रश्न आधी विचारावा: प्रत्येक स्विचला स्वतःची पिन मिळते का? ‘झीरो डिले’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त गेमपॅड बोर्डांवर ती मिळते. सोबत तयार वायरी येतात, डाग द्यावे लागत नाहीत. एका खेळाडूसाठी मी तोच सुचवेन. दोघांसाठी तसे दोन बोर्ड लागतात, आणि दोन्ही संगणकाला हुबेहूब सारखे दिसत असल्याने पुन्हा सुरू केल्यावर पहिला खेळाडू कधी कधी दुसरा होऊन बसतो.

थोडं शिकायची तयारी असेल तर मायक्रोकंट्रोलरच, म्हणजे आपल्याला हवा तो प्रोग्राम भरता येणारी चिप असलेला छोटा बोर्ड, घ्यावा. ‘प्रो मायक्रो’वरची एटीमेगा ३२यू४ ही चिप स्वतःच यूएसबी कीबोर्ड किंवा गेमपॅड बनू शकते, पण तिथे पिना १८. २०२१ साली आलेल्या ‘रास्पबेरी पाय पिको’वर २६ आहेत, म्हणजे आपले २४ स्विच बसून दोन उरतात. त्यासाठी तयार मुक्त सॉफ्टवेअरही मिळतं. फक्त पिको ३.३ व्होल्टवर चालतो. दिव्याची बटणं असतील तर दिव्याची ५ व्होल्टची वायर त्याच्या पिनेला चुकूनही लागू देऊ नका.

राहिला विलंबाचा प्रश्न. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. फुल-स्पीड यूएसबी उपकरणाकडे संगणक दर मिलिसेकंदाला चौकशी करू शकतो, कमी वेगाच्या उपकरणाकडे ८ ते १० मिलिसेकंदांनी एकदा. यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते स्विचचं थरथरणं. धातूचे संपर्क एकमेकांवर आदळून काही मिलिसेकंद उडत राहतात आणि एका दाबाचे अनेक दाब दिसतात. काही बोर्ड थरथर थांबेपर्यंत वाट पाहतात आणि मग कळवतात. तेवढा उशीर प्रत्येक दाबाला लागतो. चांगलं सॉफ्टवेअर पहिल्याच स्पर्शाला कळवून टाकतं आणि पुढचे पाचेक मिलिसेकंद त्या पिनेकडे दुर्लक्ष करतं. बोर्ड तोच, पण उशीर जवळजवळ नाहीसा होतो. मायक्रोकंट्रोलर घेतला तर ही निवड आपल्या हातात राहते.

जोडणी सोपी आहे. स्विचचं एक टोक पिनेला, दुसरं ग्राउंडला, म्हणजे बोर्डावरच्या शून्य व्होल्टच्या सामाईक जोडणीला. ग्राउंडसाठी एकच वायर बटणामागून बटणाला फिरवत नेतात. शेवटच्या बटणावर ती सोडून देऊ नका, तिथून परत बोर्डावर आणा. मग मधला एखादा सांधा निखळला तरी पुढची बटणं बंद पडत नाहीत.